डानसाबचा आवाज

मलकापुरात गुलाम रसूलचे दोन धंदे होते. दिवसा तो भांड्यांना कलई लावायचा आणि संध्याकाळी अमेरिकेत घोडा उडवायचा. पहिल्या धंद्यावर त्याचं घर चालायचं आणि दुसऱ्यावर आमचं सगळ्यांचं डोकं.

तेव्हा सिनेमा मुका होता. देऊळगाव राजाला बालाजीची यात्रा संपली की भगवंतराव आपला सिनेमाचा तंबू गाड्यांवर लादून मलकापूरला आणायचे आणि कापसाचा हंगाम सरेपर्यंत स्टेशनाजवळ, कापसातली सरकी काढायच्या जिनांच्या मागच्या मैदानावर ठोकून ठेवायचे. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवत. मध्येच इंग्रजी पाटी येई, ती वाचणार कोण? म्हणून गोष्ट सांगायला माणूस लागायचा. भगवंतरावांनी गल्लीत ‘कलईऽऽ’ अशी आरोळी ऐकली आणि त्या आवाजाच्या मागे मागे जाऊन गुलाम रसूलला गाठलं. माणूस बारकासा, पण आवाज बेंबीच्या देठापासून यायचा.

आमचा देव होता डॅन कॉलर्ड नावाचा अमेरिकन नट, घोड्यावरचा. आमच्याकडे तो डानसाब. मोठी टोपी, रुंद खांदे, कमरेला पिस्तूल आणि बुडाखाली कपाळावर चांद असलेला घोडा. घोड्याचं नाव मोती. हे नाव अर्थातच गुलामभाईने ठेवलेलं. त्याच्या अमेरिकेत पोलीस पाटील असायचा, मळे असायचे, आणि गुत्त्यातल्या प्याल्यांत शरबत असायचं, कारण तंबूच्या एका अंगाला पडद्याआड बायाबापड्या बसत. त्यांच्यासमोर डानसाब दारू पितो म्हणायची गुलामभाईला लाज वाटे. शरबत पिऊन माणसं इतकी मारामारी का करतात, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही.

मी जिनात कारकून. चार बुकं इंग्रजी शिकलेला, त्यामुळे पाट्या मला वाचता यायच्या. गुलामभाईच्या सांगण्याशी त्यांचा काडीचा संबंध नसे. हे मी एकदा शकूरच्या हॉटेलात बोलून बसलो. समोर घाटावरच्या उंद्री गावचा पुंजाजी चहा फुंकत होता. तो म्हणाला, “बाबू, त्या पाटी लिहिनाऱ्यानं मोतीले कधी चारा टाकला काय?”

पुंजाजीची गोष्टच वेगळी. त्याला कापूस विकायला खामगाव जवळ. पण तंबू मलकापूरला, म्हणून हा पठ्ठ्या घाट उतरून दोन मुक्काम करत गाड्या मलकापूरला आणायचा. त्याची बायको रुखमाबाई वाटभर त्याला बोल लावायची आणि तंबूत पडद्याआड सगळ्यांत पुढची जागा धरायची.

शकूरच्या हॉटेलात वाद एकच. डानसाबचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता? पुंजाजी ‘विधवेचं कुरण’वर अडून बसलेला. त्यात डानसाब परक्या बाईच्या गुरांसाठी स्वतःचं घरदार सोडतो. शकूरला ‘काळ्या खिंडीचा वाटाड्या’ सोडून दुसरं काही चालत नसे, कारण त्यात मोती डानसाबला पाठीवर टाकून एकटा घरी आणतो. मी ‘नदीपल्याडचा सासरा’ म्हणायचो. माझ्या मते इतका खाष्ट सासरा विलायतेतही झाला नसेल. वाद चढला की शकूर गिऱ्हाइकाच्या कपात साखर दोनदा टाकायचा, म्हणून काही लोक मुद्दाम वाद पेटवून द्यायचे.

“तुहा वाटाड्या म्हातारपनीचा हाये,” पुंजाजी म्हणायचा. “घोड्यावर चढाले त्याले दगड लागला, मी पाह्यलं.”

“दगड नव्हता बे तो, पायरी होती.”

“जंगलात पायरी कोनं बांधली? तुह्या बापानं?”

मग सगळे गुलामभाईकडे वळायचे. तो कोपऱ्यात काळ्या हातांनी बशी धरून बसलेला असे. त्याने कधी कौल दिला नाही. “मी सांगनारा मानूस,” एवढंच म्हणायचा. पण एक प्रश्न तो उलट विचारायचा, आणि मुंबई-नागपूरकडून आलेला कुणी भेटला की हटकून विचारायचा, “डानसाबचा खरा आवाज कसा असंल हो?” खांदे एवढे रुंद म्हणून त्याने आवाज जाड धरला होता. पण तो बरोबर की चूक, हे सांगणारं कुणीच नव्हतं. घरी त्याची बायको सरवरी भाता मारता मारता म्हणायची, “आवाज कैसा बी रहने दो, भांडा जल रहा देखो.”

आणि एका हंगामात भगवंतरावांनी बोलणारं मशीन आणलं. सोबत एक मोठा भोंगा, आणि पहिलाच बोलपट डानसाबचा. जाहिरातीच्या कागदावर डानसाबच्या कानाजवळचे केस पांढरे झालेले. भगवंतरावांनी गुलामभाईला बोलावून सांगितलं, “आता तो स्वतःच बोलंल. तू पुढच्या खुर्चीवर बसून पाह्य. तुले तिकीट नाही.”

म्हणजे नोकरी गेली. पोटाचं काही नव्हतं, कलई होतीच. पण ज्या माणसाच्या तोंडून सगळा गाव रडला-हसला, त्याने आता तोंड मिटून खुर्चीवर बसायचं. आम्हाला भगवंतरावांचा संताप आला. पुंजाजी तर तंबू पेटवायच्या गोष्टी करू लागला. गुलामभाई मात्र म्हणाला, “अरे, आवाज तर ऐकू द्या त्याचा.” तो असं का म्हणतो ते आम्हाला कळलं नाही. वाटलं, दुःख गिळतोय बिचारा.

त्या संध्याकाळी तो धुतलेला कोट घालून आला. मी त्याच्या बाजूला बसलो. भोंगा खरखरला आणि पडद्यावर डानसाब आला. पडक्या कुंपणावर टेकून तो एका म्हाताऱ्याशी बोलत होता. मारामारी नाही, पिस्तूल नाही. आणि आवाज? बारीक, जरा बसका. माणूस दोन शब्द बोलायचा, थांबायचा, गवताची काडी चावायचा, मग पुढचे दोन. गुलामभाई खुर्चीच्या कडेवर आला.

तंबूत चुळबूळ सुरू झाली. “हा कोन बोलून राह्यला बे?” “डानसाबले सर्दी झाली काय?” मग पडद्याआडून रुखमाबाईचा आवाज खणखणला, “हा आवाज त्याचा नाही. आमी काय वळखत नाही? गुलामभाऊ, तुमी सांगा.”

झालं. सगळा तंबू तेच ओरडू लागला. पहिलं रीळ अर्ध्यात होतं. भगवंतरावांना तिकिटाचे पैसे परत करायची वेळ दिसू लागली, तशी त्यांनी धावत जाऊन भोंग्याची तार उपटली. डानसाब पुन्हा मुका झाला. पुंजाजीने गुलामभाईचा हात धरून त्याला खुर्चीवरून ओढलं, लोकांनी वाट करून दिली, आणि हा गडी पडद्याशी उभा राहिला. पुढची गोष्ट त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हती. पण त्याने ती अशी सांगितली की शेवटी शकूर खांद्यावरच्या फडक्यात तोंड घालून रडत होता. तंबू त्याचा, आवाज त्याचा, नोकरी त्याची. आम्ही मशीनला हरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूरच्या हॉटेलात नुसती दिवाळी. शकूरने वाटाड्याला सोडचिठ्ठी दिली. कालचाच सगळ्यात चांगला, म्हणाला. पुंजाजी सुद्धा विधवेचं कुरण सोडायला तयार झाला होता. तेवढ्यात त्याने सवयीने विचारलं, “गुलामभाई, तुह्या मनानं कोनता?”

उत्तर येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. पण गुलामभाईने बशी खाली ठेवली.

“कालचाच. पन पह्यलं रीळ. तो बोलला तेवढंच.”

“त्यात तर काहीच झालं नाही,” शकूर म्हणाला.

“हाव. पन तो बोलला ना. इतकी वर्सं मी त्याच्या तोंडानं बोलून राह्यलो. काल त्याचं तोंड उघडलं, आन तुमी तार उपटली.” आवाज चढवला नव्हता, रागही नव्हता. “मले अजून ऐकायचं होतं.”

आम्ही ज्याच्यासाठी जीव टाकला, तेच त्याला नको होतं. मला तर कानकोंड्यासारखं झालं. पुंजाजी उठला, डोक्याला पटका बांधला आणि तरातरा तंबूकडे निघाला. भगवंतराव जेवत होते. पुंजाजीने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण दुपारी आत अंधार व्हावा म्हणून तंबूची सगळी कापडं खाली सोडलेली होती आणि भोंग्याची तार जागेवर होती.

आत आम्ही मोजकेच. सरवरी पदर डोक्यावर घेऊन मागे बसली होती. कापडाच्या फटींतून ऊन येत होतं, त्यामुळे पडदा पांढराफटक, डानसाब जेमतेम दिसत होता. पण आवाज स्वच्छ येत होता. बाहेर जिनाचं इंजिन धडधडत होतं आणि आत तो माणूस गुरांबद्दल, पावसाबद्दल काहीतरी बोलत होता. मला थोडं थोडं समजत होतं, म्हणून मी गुलामभाईच्या कानाशी वाकलो.

“तो म्हणतोय—”

“राहू द्या बाबू,” तो म्हणाला. “अर्थ मी लावतो. आवाज ऐकू द्या.”

त्याने रीळ संपेपर्यंत पापणी हलवली नाही. संपल्यावर सरवरी एवढंच म्हणाली, “आदमी भला दिखता.” गुलामभाईने मान डोलावली.

त्या संध्याकाळी तंबू पुन्हा भरला. भोंगा बंद. गुलामभाई पडद्याशी उभा राहिला. डानसाब कुंपणाला टेकला आणि गुलामभाईने त्याच्या तोंडी शब्द घातले. आवाज बारीक, जरा बसका. दोन शब्द, मग थांबा, मग पुढचे दोन.

मागून कुणीतरी ओरडलं, “गुलामभाई, घसा बसला काय?”

सगळा तंबू हसला. रुखमाबाईने पडद्याआडून आल्याचा काढा घ्यायला सांगितलं. गुलामभाईही हसला, पण आवाज त्याने बदलला नाही. पहिलं रीळ त्याने तसंच सांगून पुरं केलं. दुसरं रीळ लागलं, डानसाब मोतीवर बसला, तेव्हा कुठे आमचा जुना आवाज बेंबीच्या देठापासून बाहेर पडला आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.