पेंटरकाकांनी काढलेली मावशी

पेंटरकाकांची चित्रं पुरी करायचे ते रस्त्यावरचे लोक. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत ते अमरावतीत टॉकीजचे बोर्ड रंगवत. नवा बोर्ड चढला की समोरच्या पानठेल्यावर उभे राहून लोकांचं बोलणं ऐकायचे. "नटी वाळली हाय," असं एखादा टांगेवाला म्हणाला, की दुपारी शिडी लावून तिचे गाल भरायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, पण ती तशी दिसत नाही."

"पब्लिकले जशी पाह्यजे तशी काढा लागते, पोरी," ते हसून म्हणाले. "बोर्ड पाहून टॉकीज भरते."

हळूहळू लोकांना एकच चेहरा आवडू लागला. टपोरे डोळे, भरलेले गाल, कपाळावर एक बट. सिनेमा कोणताही असो, बोर्डावर तीच बाई. एका नवरात्रात राजापेठेतल्या मंडळाने देवीचा पडदा रंगवून घेतला, तर देवीलाही ती बट! मावशी हात जोडता जोडता थबकली. "आवो, देवीले तरी सोडा!" लोक मात्र खूश होते. काकाही.

मावशी अचानक गेली. सकाळी चुलीपुढे भाकरी थापत होती, दुपारी नव्हती. तिचा एकही फोटो नव्हता. "फोटो कायले पाह्यजे? मी काढतो," म्हणून काकांनी दार लावून घेतलं. तेरवीच्या सकाळी त्यांनी चित्र पाटावर ठेवून वरचं कापड ओढलं. हार घेऊन उभी असलेली आई झटकन मागे सरली. आमची मावशी सावळी, गाल बसलेले, डोळे बारीक. पाटावर टॉकीजवरची बाई हसत होती.

"भाऊजी," आई कशीबशी म्हणाली, "ही कोन हाय?"

काकांनी चित्राकडे पाहिलं, मग आमच्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मले वाटलं, तेच हाय," ते पुटपुटले. "बाई, मले तिचं तोंड याद येऊन नाही राह्यलं."

हार आईच्या हातातच राहिला.

काकांनी बोर्ड सोडले. अकोल्याला जुन्या शहरात भावाकडे राहून ते दुकानांच्या पाट्या लिहू लागले, नुसती अक्षरं. पुढे मी नोकरीनिमित्त अकोल्यात आले, तेव्हा अधूनमधून त्यांच्याकडे जायची. मी मावशीवर गेले, असं सगळे म्हणतात. काका मला दारातल्या उजेडात बसवायचे. "जराशीक इकडे पाह्य," म्हणायचे, आणि पाहतच राहायचे. रंग शेजारीच असायचे. त्यांना हात लावायचे नाहीत.