चिठ्ठीत आलेलं घर

आमच्या घरी सासऱ्यांपासून चालत आलेला एक नेम होता. गुरुवारी दत्ताला नैवेद्य दाखवला की पहिलं पान दारी येणाऱ्याचं. भिक्षेकरी असो, पोस्टमन असो, रस्ता चुकलेला बैलगाडीवाला असो, तो दोन घास खाईपर्यंत घरातल्या कुणी जेवायचं नाही. दत्त कोणत्या वेषात येईल ते सांगता येत नाही, असं सासरे म्हणायचे. लग्न होऊन मध्य प्रदेशात बालाघाटला आले तेव्हापासून मी हा नेम निष्ठेनं पाळला. कधी दुपार टळून जायची, पोटात कावळे ओरडायचे, तरी मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहायची.

आमची मंजू तापानं गेली तीही गुरुवारी. चार वर्षांची होती. त्या दिवशी मी देवाला म्हटलं, ‘इतकी वर्षं दारात उभी राहून तुझी वाट पाहिली, आणि आलास तो हिला न्यायला आलास?’ त्यानंतर गुरुवारचं पान मी मांडलं नाही. देवघरात दिवा हेच लावायचे. मी तिकडे फिरकत नसे. हे जंगल खात्याच्या कचेरीत कारकून होते, स्वभावानं अबोल. मंजूचं नाव काढलं तर मला त्रास होईल म्हणून ते काढत नसत, आणि त्यांना त्रास होईल म्हणून मी. अशा जपण्यानं घर मुकं झालं. कुणी नवखं माणूस विचारायचं, “मुलंबाळं?” मी म्हणायची, “नाहीत.” हा शब्द उच्चारताना दर वेळी वाटायचं, आपण आपल्या हातानं तिला पुन्हा एकदा पोचवून आलो.

शेवटी यांनीच माझं नाव गावातल्या कॉलेजात घातलं. “भिंतींकडे पाहत बसण्यापेक्षा फळ्याकडे पहा,” म्हणाले. तिशीला टेकलेली बाई पोरासोरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसली. विषय मिळाले तेही पंचमेळ: मानसशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य आणि प्राचीन ग्रीकांची संस्कृती. मानसशास्त्रात ‘शोक’ हा एक धडाच होता. त्याची व्याख्या मी घोकून पाठ केली आणि उदाहरण म्हणून शेजारच्या बाईचं दुःख लिहिलं. गुण चांगले पडले. माझ्या दुःखाला मात्र त्या व्याख्येचा काडीचा उपयोग झाला नाही.

ग्रीकांचा विषय शिकवायला एक म्हातारे प्राध्यापक होते. ते सांगायचे की त्या लोकांत परका माणूस दारी आला तर आधी त्याचे पाय धुवायचे, त्याला जेवू घालायचं, आणि मगच नाव-गाव विचारायचं. कारण वेष पालटून आलेला तो देवही असू शकतो. हे ऐकलं आणि माझा हात वहीवरच थांबला. परीक्षेत मी भाबडेपणानं लिहून टाकलं, ‘आमच्याकडे असा दत्त येतो.’ समासात त्यांनी लाल शाईनं शेरा दिला, ‘विषयाला धरून लिहा.’ मी मनात म्हटलं, गुरुजी, याहून विषयाला धरून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

समाजकार्यासाठी भरवेलीच्या मँगनीज खाणीवरल्या कामगार वस्तीत जाऊन कुटुंबांची पाहणी करायची होती. घरं कशी निवडायची ते संख्याशास्त्राच्या सरांनी ठरवून दिलं होतं. सगळ्या घरांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहायचे, चिठ्ठ्या पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात हलवायच्या आणि हाताला येईल त्या घरी जायचं. आवडनिवड चालायची नाही. मी बसनं भरवेलीला जायची, छत्री धरून वस्तीत फिरायची, घरात माणसं किती, कमावती किती, मुलं किती, ते लिहून आणायची. काम मन लावून केलं असंच मला वाटत होतं.

सर हिंदी बोलणारे, मोठे मिस्किल. माझे कागद पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “बहनजी, इस बस्ती में बच्चे पैदा होना बंद हो गया क्या?”

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग कागदांकडे पाहिलं आणि हसू तोंडातच राहिलं. सगळी घरं म्हाताऱ्यांची, नाहीतर एकट्या राहणाऱ्या कामगारांची. तेव्हा मला उमगलं की ज्या अंगणात दोरीवर लहान झबली, फ्रॉक वाळत असतील, त्या घराशी मी थांबतच नव्हते. नंबर त्याच घराचा असला तरी पाय आपसूक शेजारच्या दाराकडे वळत होते. धडधडीत दिवसाउजेडी हे घडत होतं आणि माझं मलाच कळलं नव्हतं. मानसशास्त्राला जे सापडलं नाही ते गणितानं पकडलं.

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते नेहमीच्याच सुरात म्हणाले, “चिट्ठी में जो घर आया, वही घर। उसे छोड़ना नहीं।” आणि डबा माझ्यापुढे धरला.

घरी येऊन मी यांना सांगितलं, कॉलेज सोडते. हे एवढंच म्हणाले, “उद्याचं एक घर करून ये, मग ठरव.” त्यांच्या शब्दाखातर मी दुसऱ्या दिवशी निघाले. एवढं एक घर उरकायचं आणि पुस्तकं माळ्यावर टाकायची, हे मनाशी पक्कं होतं.

चिठ्ठीतलं घर वस्तीच्या शेवटी निघालं. समोर दोरी, आणि दोरीवर लाल ठिपक्यांचा एवढासा फ्रॉक. मी तिथेच थबकले. ऊन मी म्हणत होतं. पुढे जाववेना, आणि सरांचं बोलणं आठवून वळताही येईना. किती वेळ अशी उभी होते कोण जाणे. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेवढ्यात दारातून हाक आली.

“काहून उभी राह्यली वो बाई उन्हात? ये ना, घरात ये.”

माझ्याच वयाची बाई होती, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. माहेर कटंगीकडचं, नवरा खाणीत कामाला, हे मला मागाहून कळलं. मी छापील कागद काढून म्हटलं, “मी कॉलेजातून आले, थोडी माहिती...”

“मायती कुठी पयून जाते का? पयले पाय धू. पाणी पी.”

तिनं तांब्या दिला. पाय धुऊन मी आत आले, तर तिनं पाट मांडून ताट वाढलेलं: भात, वरण, अंबाडीची भाजी. मी संकोचून नको म्हणाले. ती कमरेवर हात ठेवून हसली.

“नाही नोको म्हनू बाई. आज गुरुवार हाय. आमच्या घरी पयला घास दारी आलेल्याचा असते. सकाळपासून रस्ता पाहून राह्यली मी, कोनी आलंच नाही. पोटात कावळे कोकलून राह्यले माह्या. तू जेव, म्हंजे मी जेवीन.”

मी पाटावर बसले. ज्या पानापाशी मी वर्षानुवर्षं वाढणारीण म्हणून उभी होते, त्या पानावर आज मी बसले होते. आणि मला माझं नाव-गावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. भाताचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भाजी तिखट आहे, असं मी म्हटलं. “हौ,” एवढंच म्हणून तिनं ताटात आणखी वरण वाढलं.

जेवणं झाल्यावर कागद पुढे ओढून मी विचारलं, “मुलं किती?”

“पाच. चार खेळून राह्यले, एक देवाघरी हाय.”

“मग चार लिहिते.”

“चार काहून?” तिचा आवाज जरा चढला. “पाच झाले ना मले? गेला म्हनून का झालाच नाही? त्याले गिनतीत धराच लागते बाई. मायनं नाही धरलं तं कोन धरन?”

मी पाच लिहिले. मग तिनं सहज विचारलं, “तुले किती वो?”

‘नाहीत’ हा शब्द ओठांवर तयार होता. पण तोंडातून निघालं, “एक.”

“नाव काय?”

“मंजू.”

कितीतरी दिवसांनी ते नाव माझ्या कानांनी ऐकलं. ती ‘कुठे आहे’ म्हणाली नाही, सांत्वनाचं बोलली नाही. तिला कळलंच असावं. निघताना तिनं कुंकू लावलं आणि माझ्या पदरात ओंजळभर तांदूळ घातले. मंजू गेल्यापासून मी ओटी भरून घेतली नव्हती. त्या दिवशी पदर पुढे केला.

घरी पोचले तेव्हा हे कचेरीतून येऊन सायकल ओट्याला टेकवत होते. मी म्हटलं, “आज एका बाईनं विचारलं, मुलं किती. मी एक म्हटलं.”

सायकल धरूनच यांनी विचारलं, “नाव विचारलं तिनं?”

“हो. मंजू म्हणून सांगितलं.”

त्यांनी सायकल सोडून दिली, ती धाडकन पडली, आणि हे ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. मंजू गेली तेव्हा ते रडले नाहीत म्हणून मी इतके दिवस मनात त्यांच्यावर रुसले होते. बऱ्याच वेळानं नाक पुसत म्हणाले, “बाबांना घारगे आवडतात, असं तुला येऊन सांगायची लबाड. आणि सगळे स्वतःच खायची.” आम्ही दोघं रडता रडता हसलो. त्या संध्याकाळी देवघरातला दिवा मी लावला आणि त्याच ओटीतले मूठभर तांदूळ देवापुढे ठेवले.

पुढल्या महिन्यात मी घारगे घेऊन भरवेलीला गेले, तेव्हा त्या घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. तिच्या नवऱ्याला दुसऱ्या खाणीवर काम मिळालं होतं. ती कोण होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. संख्याशास्त्राचे सर म्हणतील, योगायोग, म्हणोत. माझ्यापुरतं एवढंच खरं आहे की गुरुवारी दारी येणाऱ्याची वाट पाहायला मला माझ्या घराण्यानं शिकवलं, पण देव कधी कधी दारी येत नाही, आपल्यालाच कुणाच्या तरी दारी नेऊन उभं करतो, हे मला भरवेलीच्या वस्तीत कळलं. आपण देणारे असतो, आपला हात वर असतो, तेव्हा नमणं सोपं. पदर पसरायची वेळ येते तेव्हा खरी कसोटी. चिठ्ठीत काय यावं ते आपल्या हातात नसतं. आलेलं घर न सोडणं तेवढं आपल्या हाती, आणि त्यालाही बळ तोच देतो.

कॉलेज मी पुरं केलं. गुरुवारचं पान पुन्हा मांडू लागले. दत्ताच्या कृपेनं पुढे दोन मुलगे झाले, दोघंही धडधाकट आहेत. आता कुणी नवखं माणूस विचारतं, “मुलं किती?” मी म्हणते, “तीन.” माणूस घरात इकडेतिकडे पाहतो, त्याला दोनच दिसतात. मग मी सांगते, “थोरली मंजू.”