सरांच्या नावाचा कॉम्प्युटर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर शाळेतल्या गणिताच्या सरांचे. आईवडिलांचे असतातच, पण त्यांना दुसरा इलाज नव्हता, सरांना होता. भरलेल्या वर्गातून त्यांनी मला उचललं, तेही कानाला धरून. दहावीनंतर वडील मला आपल्यासोबत कापडाच्या लूमवर लावणार होते. सर घरी आले, दाराबाहेर चपला काढल्या आणि खाली बसून कॉलेजचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला. सहीपुरतं पेन तेवढं माझ्या हातात दिलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो त्याची सुरुवात ही अशी. फॉर्मवर काय लिहिलंय ते मी वाचलंही नव्हतं.

सर निवृत्त होऊन गणेशपुरीकडे आपल्या गावी भातशेती करायला गेले, तेव्हा त्यांनी घरातला कॉम्प्युटर मला दिला. "अभ्यासाला वापर," म्हणाले. "तहसीलदार हो. मग माझा सातबारा तेवढा लवकर काढून दे."

भिवंडीत टेमघरच्या आमच्या दोन खोल्यांत तो रिक्षातून आला. चालू केला तर पडद्यावर सरांचं नाव आणि चष्म्यातला फोटो. आता मी आयटीचा पदवीधर. दुसऱ्याचा कॉम्प्युटर हातात आला की आधी त्याचं खातं काढायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षाला होतं. त्यावर मी पाच मार्कांचं उत्तर लिहिलंय. मी काढायला बसलो, तर आईने हात धरला.

"नाव कशाला पुसतोस?"

"आई, हे सरांचं खातं आहे. असं ठेवत नाहीत."

"आपल्या हंड्यावर मामाचं नाव हाय. तू घासून काढलंस? ज्यानं दिलं त्याचं नाव ऱ्हातं."

यावर पाच मार्कांचं उत्तर नव्हतं. आमच्या घरात डब्यापासून परातीपर्यंत सगळ्यांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. वस्तीतल्या विहाराच्या पंख्यावरसुद्धा आहे, आणि पंखा बंद पडल्यापासून ते नीट वाचताही येतं. तर सरांचं नाव राहिलं. खातंही राहिलं.

अभ्यास मात्र राहिला नाही. स्पर्धा परीक्षा मी एकदा दिली. पेपर पाहिला, पेपरने मला पाहिलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांचा नाद सोडला. पुढे वडपेला एका गोदामात डिस्पॅचला लागलो. कोणता ट्रक कोणत्या दाराला लावायचा, कोणता माल आधी चढवायचा, हे ठरवायचं काम. मला ते आवडायला लागलं, हीच पंचाईत. कारण दर रविवारी सकाळी दहाला सरांचा फोन यायचा.

"काय रे, अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय सर. राज्यघटना संपत आली."

राज्यघटना अडीच वर्षं संपत आलेली होती. जेवढ्या वेळात ती लिहून झाली, जवळजवळ तेवढा वेळ मी ती वाचत होतो. खरं सांगायचं दर शनिवारी ठरवायचो. रविवारी सरांचा आवाज आला की तोंडातून राज्यघटनाच बाहेर पडायची. मी गोदामात ट्रक लावतो हे कळलं तर त्या माणसाला काय वाटेल, या भीतीने मी एवढा कायदा शिकलो होतो.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी सर म्हणाले, "माझ्या फोनवर रोज येतंय, जागा संपली म्हणून. माझ्याकडे आहे काय एवढं?"

"फोटो फार झाले असतील सर. जुने पुसून टाका."

"सगळे?"

"नको असतील ते. एकदम हलकं होईल."

"बरं. तू म्हणतोस तर."

मला फार बरं वाटलं. गणितात कधी त्यांना काही शिकवायची वेळ आली नव्हती.

सोमवारपासून आमच्या घरचं इंटरनेट दुपारीच संपायला लागलं. आमच्याकडे सिमकार्ड घातलेली एक पेटी आहे, तळहाताएवढी. तिचा रोजचा डेटा आईच्या संध्याकाळच्या मालिकेला पुरून उरायचा. आता मालिकेत सासूने सुनेला विहिरीच्या काठावर नेलं आणि पडद्यावर नुसतं गोल फिरायला लागलं.

"ढकलली का न्हाय, तेवढं तरी सांग," आई म्हणाली.

शेजारचे चाचा लूमवर वडिलांच्याच शिफ्टला आहेत. त्यांनी पेटीचा लुकलुकणारा दिवा पाहून निदान केलं. "बेटा, किसी ने कटिया डाली है. हमारे गाँव में बिजली ऐसे ही जाती थी, सीधे खंभे से."

म्हणजे कोणीतरी आकडा टाकलाय. मला पटलं. शुक्रवारी लूम बंद असतात आणि माझीही सुट्टी होती. जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम टाकला. कॉम्प्युटरमधला कोणता प्रोग्राम इंटरनेटवर कुठे आणि किती पाठवतो, हे तो समोर दाखवत राहतो. दोन रकाने: आलेलं आणि गेलेलं. आई, वडील आणि चाचा मॅच बघायला बसावं तसे मागे बसले.

"आपन पाठवतो म्हंजे?" वडिलांनी विचारलं. "आपल्याकडं हाय काय पाठवायला?"

पण पाठवत होतो. कोणी हात लावलेला नसताना कॉम्प्युटर सारखा बोलत होता. आमचा प्रिंटर भंगारात जाऊन वर्ष झालं, पण त्याचा प्रोग्राम दर थोड्या वेळाने कंपनीला हाक मारत होता. त्याला प्रिंटर गेल्याचं कोणी कळवलंच नव्हतं. हवामान सांगणारा एक प्रोग्राम आमचा पत्ता विचारून पुन्हा पुन्हा भिवंडीत ऊन आहे असं कळवत होता. आई म्हणाली, "याला खिडकी न्हाय का?"

हे सगळे किरकोळ निघाले. गेलेल्या रकान्यात एकच आकडा धावत होता. कॉम्प्युटरवरच्या फाइलींची प्रत आपोआप इंटरनेटवर नेऊन ठेवणारा प्रोग्राम. मी तो टाकला नव्हता. कोणाच्या खात्यात नेतोय, म्हणून त्यावर क्लिक केलं. सरांचं नाव आणि चष्म्यातला फोटो.

"चोर मिला?" चाचांनी विचारलं.

"मिला चाचा."

"कौन?"

"मास्टरजी का खाता है."

"मास्टरजी चोर?"

"नहीं चाचा. चोर मैं."

कॉम्प्युटर आल्या दिवसापासून मी त्यात जे जे ठेवलं, ते सरांच्या खात्यात जात होतं, आणि तेच खातं त्यांच्या फोनवर होतं. ट्रकच्या याद्या, गोदामाचं ड्युटीचं वेळापत्रक, गल्लीच्या क्रिकेट मॅचचे व्हिडिओ, लग्नाचा बायोडाटा. आणि ‘राज्यघटना’ नावाचं एक फोल्डर, रिकामं.

मग एकेक आठवायला लागलं. एका रविवारी सरांनी विचारलं होतं, "बॅटिंग डाव्याच हाताने करतोस का रे?" मला वाटलं, शाळेतली आठवण. शाळेत मी बॅटला हातही लावला नव्हता. दुसऱ्यांदा विचारलं होतं, "वडपेला ट्रॅफिक फार असतं म्हणे?" मी म्हणालो होतो, "असेल सर, त्या बाजूला जाणं होत नाही."

म्हणजे सरांना माहीत होतं. अभ्यासाचं ते विचारत होते ती दर आठवड्याची तोंडी परीक्षा होती, आणि मी दर रविवारी नापास होत होतो.

त्यांच्या खात्यातला कचऱ्याचा डबा मी उघडला. उघडताना दुसऱ्याच्या कपाटात हात घातल्यासारखं झालं. रविवारी पुसलेले फोटो त्यात होते: भाताची लावणी, शाळेच्या आवारातला गुलमोहर, आमच्या दहावीच्या वर्गाचा फोटो. त्यांची जागा भरली होती माझ्या मॅचेसनी. भरल्यावर आमचा कॉम्प्युटर पाठवायचा थांबला होता. माझ्या सल्ल्याने सरांनी आपले फोटो पुसून जागा केली, आणि तुंबलेल्या सगळ्या मॅचेस सोमवारी निघाल्या. माझ्या फाइलींचं अख्खं फोल्डर त्यांना एका बोटाने उडवता आलं असतं. त्याला त्यांनी हात लावला नव्हता.

एक सोपा रस्ता होता. गुपचूप फोटो परत आणायचे, माझं सगळं पुसायचं, खातं काढायचं आणि रविवारी पुन्हा राज्यघटना. बोट बटणावर होतं.

"सर बघत व्हते आनि तू रोज खोटं बोलत व्हतास?" वडिलांनी विचारलं.

"रोज नाही. रविवारी."

"मग बरं हाय," वडील म्हणाले आणि उठून तंबाखू मळायला दारात गेले.

आई म्हणाली, "फोन कर."

फोन मी करणार नव्हतो. फोनवर काय बोलतो ते मला माहीत होतं. मॅचेस सरांकडे जायच्या थांबाव्यात म्हणून मी त्या माझ्या फाइलींच्या फोल्डरमधून बाहेर काढल्या, पत्र टाइप केलं आणि ‘राज्यघटना’मध्ये ठेवलं. गेलेल्या रकान्यात आकडा जरासा हलला.

"एवढंच?" आईने विचारलं.

एवढंच होतं. ते असं:

आदरणीय सर,

नमस्कार. हे पत्र ज्या फोल्डरमध्ये आहे, त्यात आजवर ठेवलेली ही पहिलीच गोष्ट.

मी अभ्यास करत नाही. पहिल्या परीक्षेनंतर केलेला नाही. मी वडपेला गोदामात डिस्पॅचला आहे. हे तुम्हाला माझ्या याद्यांवरून कळलं आहे, पण मी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो. काम मला आवडतं. तुम्ही फळ्यावर हौद भरायची गणितं घालायचात, तसंच आहे. फरक इतकाच की हौद शिव्या देत नाही. तहसीलदार मी होणार नाही. सातबाऱ्याच्या रांगेत तुमच्या जागी उभा राहीन.

तुमचे फोटो माझ्या मॅचेसमुळे गेले. ते कचऱ्याच्या डब्यात अजून आहेत, महिनाभर राहतात. इथून परत आणता येतील, पण तुमच्या खात्यात न विचारता पुन्हा हात घालणार नाही. रविवारी पहिल्या एसटीने येतो आणि तुमच्यासमोर आणतो. तोवर फोनवर काही दाबू नका. काहीही म्हणजे काहीही.

तुमचं खातं या कॉम्प्युटरवरून काढतो. नाव काढायचं नाही अशी आईची अट आहे, म्हणून भांड्यांच्या दुकानात नेऊन कॉम्प्युटरच्या डब्यावर कोरून घेणार आहे.

रविवारी दहाला फोन करू नका, मी समोर असेन. अभ्यासाचं विचारायचं असेल तर जरूर विचारा. कान सोबत आणतो आहे.

बायोडाटा तुम्ही वाचला असेल. बाकी सगळं खरं आहे. खरी उंची पाच फूट चार.

आपला विद्यार्थी