चतकोर गोळी

माझा धाकटा भाऊ औषधाच्या दुकानात छत्तीस वर्षं कंपाउंडर होता. गिऱ्हाइकं पाठीमागे त्याला 'पावचमचा' म्हणायची. कुणी विचारलं, "पुरा चमचा दिला तर लवकर बरं वाटेल का हो?" की हा चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "डॉक्टरांनी पाव लिहिलंय. पाव म्हणजे पाव. स्वतःच्याच अकलेने घ्यायचं तर माझ्याकडे कशाला आलात?" एकदा मलाही त्याने दुकानातून असंच परत पाठवलं होतं, सख्ख्या मोठ्या बहिणीला. राग आला, पण चूक माझी होती.

छप्पन्नाव्या वर्षी त्याच्या हातून बाटल्या पडायला लागल्या. समोरचं, डॉक्टरांचं किडामुंगीसारखं अक्षर तो धडाधड वाचायचा, पण कोपराजवळची बाटली त्याला दिसायची नाही. काउंटरची फळी रोज मांडीला लागायची. मी म्हटलं, "चष्मा बदल, चेंगटपणा करू नकोस." त्याने दोनदा बदलला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्यापुढे एक बारीक दिवा इकडून तिकडे फिरवला आणि डोळे सोडून मेंदूचा स्कॅन काढायला सांगितला. झापडं लावलेल्या घोड्यासारखी त्याची नजर दोन्ही बाजूंनी बंद होत आली होती. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांना दाबत, गाठ होती, पीयूषिका ग्रंथीवर.

ही ग्रंथी मी सदतीस वर्षं कॉलेजात फळ्यावर काढली आहे. वाटाण्याएवढी, पण बाकीच्या ग्रंथींना हुकूम हीच सोडते. तिच्यावरच्या प्रश्नाला मुलं हमखास दहापैकी आठ मार्क काढायची. फळ्यावरच्या वाटाण्याचा आणि घरातल्या माणसाचा काही संबंध असतो का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

ऑपरेशन नाकातून झालं. शुद्धीवर आल्यावर नाकात बोळे असलेल्या आवाजात तो म्हणाला, "ताई, लहानपणी तू सांगायचीस, नाकात बोट घालू नकोस, मेंदू बाहेर येईल. बघ, आलाच."

"तुझ्या नाकातून काय येणार? होता तेवढा दुकानात सांडलास," मी म्हटलं. भावजय तोंडाला पदर लावून हसली. आम्हाला वाटलं, सुटलो.

घरी सोडायच्या दिवशी हार्मोनच्या डॉक्टरीणबाई आल्या. शांत, पण एकेक शब्द ठोकून बोलणाऱ्या. म्हणाल्या, "गाठ निघाली, पण तिने ग्रंथी पार चेपून टाकली आहे. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना 'कॉर्टिसॉल बनवा' असं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. त्याशिवाय माणूस साधा ताप सोसू शकत नाही. म्हणून ते आपण गोळीतून द्यायचं. रोज, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. उलटीत गोळी पडली तर हे इंजेक्शन टोचायचं आणि इथे यायचं. वाट बघायची नाही."

भावजयीने ते सगळं वहीच्या कागदावर लिहून घेतलं आणि घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. माझा भाऊ मान हलवत होता. जाणकार माणसं हलवतात तशी, पुढचं ऐकायची गरज नसल्यासारखी.

त्याने त्या बोलण्यातला एकच शब्द उचलला होता, आणि तो बाईंनी उच्चारलाही नव्हता. तो गोळ्यांच्या पाकिटावर होता. स्टेरॉईड.

त्यांच्या गल्लीत एक सुतार होता. सांधे दुखतात म्हणून कुठल्याशा वैदूच्या पुड्या वर्षानुवर्षं खायचा. त्या पुड्यांत स्टेरॉईड भरडलेलं होतं. सुताराचं तोंड घागरीसारखं फुगलं, कातडी कागदासारखी झाली, आणि एक दिवस पाटावरून उठताना कंबरेचं हाड मोडलं. माझ्या भावाने त्याला दोन वर्षं समजावलं होतं. शेवटी खांदाही यानेच दिला. त्यानंतर 'स्टेरॉईड' हा शब्द तो शिवीसारखा उच्चारायचा. आणि दुकानात उभं राहून त्याला अजून एक पक्कं ठाऊक होतं, की ही गोळी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवत आणायची असते. शेकडो चिठ्ठ्यांवर त्याने तसंच वाचलं होतं. दम्याच्या, त्वचेच्या, सांध्यांच्या.

ऑपरेशनला चार महिने झाले होते. मी दुपारी गेले तर हा खिडकीशी बसून दाढीच्या ब्लेडने गोळी कापत होता. जीभ दातांत धरून, सोनारासारखा.

"काय रे, गोळीची भाजी करतोस?"

"चतकोर काढून टाकतोय. महिनाभर पाऊण, मग अर्धी. उतरवत आणायची, ताई. जन्मभर काय खायचंय हे विष?"

"बाईंना विचारलंस?"

"त्या त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण आम्हीही काही गवत कापत नव्हतो दुकानात."

इथे मी काय बोलायला हवं होतं ते मला येत होतं. फळ्यावर बाण काढून दाखवता आलं असतं. ज्याच्या ग्रंथी धडधाकट आहेत त्याची गोळी उतरवली की त्या पुन्हा काम करू लागतात. ह्याच्याकडे हुकूम सोडणारंच मेलेलं. एवढंच सांगायचं होतं. पण माझी बस होती, आणि माझा भाऊ औषधात चुकतो हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. मी म्हटलं, "तुला कळतं, तूच बघ." आणि निघाले.

मग तो खंगत गेला. उठला की चक्कर, जेवणावर वासना नाही, दुपारी चार वाजता अंगातली वीज गेल्यासारखा पडून. भावजयीला वाटलं, गाठ परत आली. त्यालाही तेच वाटलं असणार, कारण तो विनोद करेनासा झाला. आठव्या महिन्यात स्कॅन झाला. स्वच्छ! गाठीचा मागमूस नाही. भावजय दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडली. सर्जन म्हणाले, अशक्तपणा जाईल हळूहळू. हार्मोनच्या बाईंची तारीख पुढच्या आठवड्यात होती. हा म्हणाला, "स्कॅन चांगला आला, आता कशाला त्यांचा वेळ खायचा?" आणि गेलाच नाही. मीही त्या आनंदात खिडकीतलं ब्लेड साफ विसरले.

पुढे तीनच आठवड्यांनी त्याचं पोट बिघडलं. घरात सगळ्यांचंच बिघडलं होतं, भावजयीचं दोन दिवसांत बरंही झालं. याला उलट्या थांबेनात. तिने कपाट उघडून इंजेक्शन हातात घेतलं आणि कागद दाखवला. तो म्हणाला, "ताप आहे का मला? नाही ना? साधं पोट आहे. हा माझ्या धंद्यातला विषय आहे, तू घाबरू नकोस." छत्तीस वर्षं सगळ्यांनी त्याचं ऐकलं होतं. तिनेही ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "वन्सं, हे हाक मारली तर ओ देत नाहीत." मी पोचले तेव्हा दवाखान्यात त्याला दोन्ही हातांना सलाईन होतं. रक्तदाब हाती लागत नव्हता, साखर तळाला. ते इंजेक्शन तिथल्या डॉक्टरांनी काही न विचारताच दिलं होतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"गोळ्या चालू होत्या ना?"

"एकसुद्धा चुकवली नाही," भावजय म्हणाली. ताठ मानेने, अभिमानाने. तिला कापलेलं काही ठाऊकच नव्हतं.

आयुष्यभर फटकळ म्हणून ओळखली गेलेली मी, तिथे गप्प बसले. अकराच्या सुमाराला तो गेला.

लोक भेटायला येत. भावजय प्रत्येकाला सांगायची, "गाठीनेच नेलं हो. स्कॅनमध्ये नाही दिसली, पण असणार." मी समोर बसून ते सहा आठवडे ऐकलं. मग एका सकाळी तिच्याकडे गेले आणि उभ्यानेच सांगून टाकलं. ब्लेड, चतकोर, माझी बस, सगळं.

ती निवडत असलेलं धान्य तसंच मांडीवर ठेवून बसली. म्हणाली, "तुम्ही मोकळ्या झालात, वन्सं. मी कुठे जाऊ? त्या दिवशी सुई माझ्या हातात होती. टोचायला शिकवलं होतं मला."

मी दाराकडे वळले.

"जाऊ नका," ती म्हणाली. "बसा. ती ग्रंथी काय करते ते मला नीट सांगा. तुमच्या मुलांना सांगायचात तसं."

मी सांगितलं. वहीच्या कागदावर वाटाणा काढला, बाण काढले, मूत्रपिंडं काढली. तिने दोन ठिकाणी थांबवून पुन्हा विचारलं. माझ्या वर्गात इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नसेल.

"म्हणजे शेवटी त्यांना दुखलं असेल?"

"नाही," मी म्हटलं. "नुसती ताकद गेली असेल. झोप लागावी तशी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलताय."

"हो."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, उलगडला, आणि मूत्रपिंडांजवळचा एक बाण पुसट आला होता तो पेन्सिलीने पुन्हा गिरवायला लागली.