शेवटच्या दृश्याआधी उठलेले हयवदनराव

बोम्मसंद्र्याच्या एका पंपांच्या कारखान्यात हयवदनरावांनी उभी हयात काढली, ती ड्रॉइंग ऑफिसात. सकाळी मल्लेश्वरमहून कंपनीची बस पकडायची, होसूर रोडच्या गर्दीत डुलक्या घेत जायचं, संध्याकाळी तसंच डुलत परत यायचं. लग्न केलं नाही. थोरली बहीण चंद्राबाई, जिला सगळे चंद्रक्का म्हणत, नवरा गेल्यावर लहानग्या रूपश्रीला कडेवर घेऊन भावाकडे आली आणि मग ते घर त्या तिघांचंच झालं. घराण्याची मराठी कितीतरी पिढ्या बेंगळुरात मुरलेली. बोलता बोलता कन्नड कधी शिरायचं ते त्यांचं त्यांनाही कळत नसे.

माणूस अबोल. पण एका विषयावर त्यांना बोलतं केलं की थांबवणं कठीण. तो विषय म्हणजे ‘द फार लॅम्प’ नावाचा एक जुना इंग्रजी सिनेमा.

कॉलेजात असताना मॅजेस्टिकजवळच्या एका टॉकीजमध्ये त्यांनी तो पाहिला. पृथ्वीपासून फार फार लांब, आभाळाच्या पोटात एक दीपस्तंभ आहे आणि त्यावर एक म्हातारा एकटा राहतो. जाणाऱ्या-येणाऱ्या यानांसाठी दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम. शेवटी त्याला घरी न्यायला यान येतं. म्हातारा दारापर्यंत जातो, यानाकडे बघत राहतो आणि दार लावून घेतो. तोंडातून शब्द काढत नाही. यान निघून जातं, तो दिवा लावतो, सिनेमा संपतो. यानं पुठ्ठ्याची आहेत हे शेंबड्या पोरालाही कळावं. भोवतालचं आभाळ तर नुसतं काळं. टॉकीजमधली निम्मी माणसं मध्यंतरातच घरी गेली. हयवदनराव मात्र पुढच्या खेळालाही बसले.

पुढे त्याची कॅसेट मिळाली. दसऱ्याच्या सुट्टीत मामा-भाची ती लावून बसायची. रूपश्री पाटी धरण्याएवढी असताना तिनं विचारलं होतं, “मामा, या आभाळात काहीच का नाही?”

“काही नाही म्हणून तर त्याला दिवा लावावा लागतो,” मामा म्हणाले.

पोरीला ते पटलं असावं. त्यानंतर किती तरी दिवस ती काळ्या खडूनं कागद भरून टाकायची आणि मधे एक पिवळा ठिपका ठेवायची. चंद्रक्का वैतागायची. “हया, पोरगी हात-तोंड काळं करून घेते बघ तुझ्या नादानं.”

रूपश्री चित्रकला शिकली आणि चित्रीकरणात नसलेल्या गोष्टी संगणकावर काढून देणाऱ्या एका स्टुडिओत लागली. परदेशी सिनेमांचं असलं काम बेंगळुरात बरंच होतं. कोरमंगलात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली आणि रविवारी घरी येऊ लागली. मध्यंतरी एका वर्षी तिचं येणं फार कमी झालं. आली तरी डोळे सुजलेले असत. मामांनी विचारलं तर म्हणाली, “एक मोठं काम आलंय. काय ते सांगता येत नाही, मामा. सही करून दिलीय आम्ही.”

“सरी, असू दे,” मामा म्हणाले. कारखान्यातही अशी ड्रॉइंग असायची. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्याच सुमारास बातमी आली की ‘द फार लॅम्प’ नव्यानं, दुरुस्त होऊन येणार. ज्यानं तो काढला तो दिग्दर्शक आता खूप म्हातारा झाला होता. त्याचं म्हणणं, तेव्हा मला जे दाखवायचं होतं आणि दाखवता आलं नाही, ते आता दाखवतो. हयवदनरावांनी ती बातमी दोनदा वाचली. शहरात अशा जुन्या विज्ञानपटांच्या वेड्यांचा एक गट होता. नोकरीसाठी पुण्याहून आलेला वेदांत नावाचा तरुण तो चालवायचा आणि हयवदनराव त्यातले सगळ्यात वडीलधारे. गटातले बहुतेक जण आधीच दात-ओठ खात होते. कुणी म्हणालं, कलाकृती एकदा लोकांच्या हाती दिली की ती लोकांची. कुणी म्हणालं, बापालासुद्धा मोठ्या झालेल्या मुलाचं नाक बदलता येत नाही.

रूपश्रीला हे सगळं कळत होतं. सिनेमा लागायच्या आधीच्या रविवारी ती मल्लेश्वरमला आली आणि जाताना चपला घालता घालता म्हणाली, “मामा, बघाल तेव्हा पूर्ण बघा हं. राग आला तरी बसून राहा. शेवटी नावं येतात तीही बघा.”

“नावं कशाला?”

“उगाच. बघा म्हणजे झालं.”

शनिवारी सकाळचा पहिला खेळ. कोरमंगलातल्या मॉलमध्ये गटानं ओळीनं जागा घेतल्या होत्या. पडदा उजळला आणि पहिल्याच दृश्यात आभाळ जांभळं झालं. जिथं काळोख होता तिथं गुलाबी ढग, हिरवे झोत, उल्कांचे पाऊस. पुठ्ठ्याची यानं गुळगुळीत झाली होती. कुणी तरी मागून कण्हलं. कुणी हसलं. हयवदनराव खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसले. शेवटाकडे यान आलं, म्हातारा दाराशी गेला आणि यानाच्या कप्तानाशी बोलू लागला. चांगलं लांबलचक बोलला. मला इथंच का राहायचं आहे, ते समजावून सांगू लागला.

हयवदनराव उठले. गुडघ्यांवरून, पायांवरून वाट काढत ओळीबाहेर पडले, अन् त्यांच्यामागे गटातले आणखी काही जण.

बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी सगळे जमले. वेदांतनं मोबाइल समोर धरला. “काका, बोला ना काहीतरी. तुम्ही ओरिजिनल थिएटरमध्ये पाहिलाय.”

हयवदनराव बोलले. आयुष्यात चार माणसांपुढं उभं राहायची सवय नव्हती, पण त्या दिवशी शब्द आपसूक येत गेले. “तो काळोख म्हणजेच तो सिनेमा होता,” ते म्हणाले. “ज्यांनी हे रंग फासलेत, त्यांना काळोख म्हणजे काय ते ठाऊक नाही. रिकामी पाटी दिसली की खडू घासायचा, एवढंच शिकलेली पोरं ही. यांना शिकवलं तरी कुणी?”

लोक खदखदून हसले. टाळ्या पडल्या. हयवदनरावांच्या कानशिलांवर ऊन चढल्यासारखं झालं, आणि ते त्यांना आवडलं. मग ते आणखी बोलले.

वेदांतनं ते संध्याकाळी इंटरनेटवर टाकलं. कुणी तरी त्याखाली इंग्रजी भाषांतराच्या ओळी घातल्या आणि ते देशोदेशीच्या वेड्यांमध्ये फिरलं. ‘रिकामी पाटी’ हा त्यांच्यात शिवीसारखा शब्द होऊन बसला. लोकांनी नव्या सिनेमाच्या शेवटची नावं शोधून काढली, त्या नावांच्या माणसांना गाठून त्यांच्या पानांवर वाट्टेल ते लिहिलं. हयवदनरावांना यातलं अर्धंच माहीत होतं. त्यांना दिसत होती ती कौतुकं. वेदांत रोज नवं काही दाखवायचा, “काका, तुम्ही फेमस झालात,” म्हणायचा, आणि ते “काय तरीच तुझं,” म्हणत पुन्हा एकदा चष्मा पुसून वाचायचे.

पुढच्या रविवारी रूपश्री आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोनवर, काम आहे, एवढंच.

एका दुपारी चंद्रक्का स्वयंपाकघरातून आली आणि त्यांच्यासमोर बसली. तिच्या हातात निवडायची मेथी होती, पण ती निवडत नव्हती.

“हया, तुला एक सांगायचंय. रूपानं सांगू नको म्हटलंय. पण मला आता राहवत नाही.”

“काय झालं, अक्का?”

“तो तुझा सिनेमा. त्याचं काम हिच्याच स्टुडिओत झालं. हिनंच केलं. ते आभाळ.”

हयवदनरावांनी चष्मा काढून हातात धरला.

“त्या दिवशी ती तिथंच होती,” चंद्रक्का म्हणाली. “मागच्या ओळीत, तिच्या बरोबरीच्या पोरांना घेऊन. सगळ्यांना सांगून आली होती, माझे मामा पुढं बसलेत म्हणून. सिनेमा संपल्यावर बाहेर आली तर तू बोलत होतास. ती पोरंही ऐकत उभी होती.” तिनं मेथीची काडी मोडली. “एकदाही रडली नाही माझ्यापुढं. तेच मला बरं वाटत नाही.”

हयवदनराव तसेच उठले, चपला घातल्या, शर्ट बदलायचंही सुचलं नाही. रिक्षावाला कोरमंगलापर्यंत कन्नडमध्ये रहदारीला शिव्या देत होता आणि ते हूं हूं करत होते. रूपश्रीनं खाली येऊन त्यांना कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात नेलं. उंच टेबलापाशी उभं राहून दोघांनी कॉफी घेतली.

“मला माहीत नव्हतं, रूपा.”

“माहीत आहे मला ते.”

“माहीत असतं तर बोललो नसतो.”

“म्हणजे दुसऱ्या कुणाची भाची असती तर बोलला असता.” ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून ते जास्त लागलं. “मामा, तुम्ही चुकीचं बोलला नाहीत. मीही मीटिंगमध्ये तेच सांगितलं होतं, आभाळ काळंच असू द्या. पण सिनेमा त्यांचा. त्यांना रंग हवे होते, आम्ही दिले. पगार त्याचाच होता.”

“मग मला निदान एक शब्द...”

“सांगायचं नव्हतं. आणि सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता.” तिनं पेला खाली ठेवला. “शेवटचं दृश्य बघितलं का तुम्ही?”

“मी आधीच उठलो.”

“तो दिवा लावतो ते. त्यातलं आभाळ मी काळं ठेवलंय. त्याच्यासाठी मी फार भांडले. टीममधले म्हणायचे, ही वेडी झालीय. तिकडून तीनतीनदा परत आलं, रंग घाला म्हणून. मी प्रत्येक वेळी कारणं लिहून पाठवली. शेवटी त्या म्हाताऱ्या दिग्दर्शकानंच म्हटलं, असू दे, हिचं बरोबर आहे.” ती किंचित हसली. “तुमचंच वाक्य लिहिलं होतं मी. काही नाही म्हणून तर दिवा लावावा लागतो. तेवढं एक तुम्हाला दाखवायचं होतं.”

माफ कर, असं म्हणायला मामांनी तोंड उघडलं, पण त्या घरात मोठ्यांनी लहानांना असं म्हणायची रीत नव्हती आणि शब्द जिभेवर तसाच राहिला. रूपश्रीनं रिकामे पेले उचलून ठेवले. “चला, तुम्हाला रिक्षा करून देते,” ती म्हणाली.

त्याच रात्री त्यांनी वेदांतला फोन केला. वेदांत पोरगा वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, मी लगेच डिलीट करतो. पण आता ते माझ्याकडे राहिलेलं नाही. लोकांनी केव्हाच उचललंय.” हयवदनरावांनी हट्टानं त्याच्याकडून दुसरं चित्रण करून घेतलं. त्यात ते म्हणाले की, काम करणाऱ्यांचा दोष नव्हता, मी सिनेमा पूर्ण न बघता बोललो, शेवटचं दृश्य उत्तम आहे. हे बोलणं कुणी फिरवलं नाही. ज्या थोड्यांनी पाहिलं त्यांनी खाली लिहिलं की म्हाताऱ्याला विकत घेतलेला दिसतो.

ते दृश्य मोठ्या पडद्यावर बघावं म्हणून ते पुन्हा मॉलमध्ये गेले, तर सिनेमा उतरला होता. पुढे घरातल्या टीव्हीवर आला तेव्हा त्यांनी तो चंद्रक्काबरोबर बसून पाहिला. गुलाबी ढग आले, हिरवे झोत आले. कप्तानाशी बोलून झालं, यान गेलं आणि पडदा एकदम काळा पडला. फार वेळ काळाच राहिला. मग त्यात दिवा लागला. तो मूळ दृश्यापेक्षाही चांगला होता. जुन्या प्रतीत काळोख थोडा करडा होता, इथं तो विहिरीसारखा खोल. नावांमध्ये भाचीचं नाव इतक्या झरझर गेलं की चंद्रक्काला दिसलंच नाही. तिच्यासाठी पुन्हा मागे नेऊन थांबवावं लागलं.

हयवदनरावांनी रूपश्रीला फोन लावला आणि सांगितलं, “पाहिलं.”

“हो का,” ती म्हणाली. “मामा, मी जरा बाहेर आहे, नंतर बोलू?”

नंतर त्या विषयावर बोलणं झालं नाही. सिनेमा पडल्यावर स्टुडिओनं त्या कामावरची पोरं इकडे तिकडे वाटली, आणि काही महिन्यांनी रूपश्रीनं ती नोकरीच सोडली. आता ती लहान मुलांच्या शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. बरं चाललंय, डोळ्यांना आराम आहे, असं सांगते. कुणी विचारलं की आधी काय करत होतीस, तर म्हणते, असंच, संगणकावर.

रविवारी ती पुन्हा येऊ लागली आहे. जेवण होतं, गप्पा होतात, मल्लेश्वरमच्या बाजारात एक फेरी होते. गेल्या महिन्यात तिनं पिशवीतून एक कागद काढून मामांपुढं धरला. एका पुस्तकासाठी काढलेलं तळ्याचं चित्र होतं, काठावर बगळा. पूर्वी अशा चित्रावरून दोघांची अर्धी दुपार भांडणात जायची. बगळ्याची मान अशी वळते का, पाण्याला हा रंग कुठून आला, असं मामा खोदून खोदून विचारायचे आणि ती चिडून पुन्हा काढायची.

बगळ्याचा पाय जरा आखूड झाला होता. हयवदनरावांना तो लगेच दिसला.

“छान आहे,” ते म्हणाले. “फार छान आहे, रूपा.”

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काही येईल म्हणून. मग तिनं कागद हळूच पिशवीत सरकवला.

“पाय आखूड आहे, मामा,” ती म्हणाली. “मला माहीत आहे.” आणि ती आईला भांडी आवरू लागायला आत गेली.