बिनतेलाचा खांब

वनाला सरळ विचारलं की तो सरळ सांगून मोकळा होई. या खोडीपायी घराचं वाटोळं होणार, असं त्याची बायको बेबाबाई म्हणे, आणि तिचं अगदीच चूक होतं असं नाही.

पारोळ्याच्या किल्ल्याच्या खंदकालगत रिखबचंदांची सरकीची वखार होती. तिच्या मागच्या पडीक जागेत वना टोपल्या विणी आणि डुकरं पाळी. सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात डुकरांना उवा पडल्या. खाज सुटली की सगळा कळप वखारीच्या मातीच्या भिंतीला अंग घासायचा. भिंतीला डुकराच्या उंचीचा खोलगट पट्टा पडला. रिखबचंदांनी भिंत लिंपून घेतली आणि बजावलं, आता एक खपली जरी निघाली तरी नगरपालिकेत जाऊन डुकरं हलवायला लावीन. वनाला हलायला दुसरी जागा नव्हती.

वनाच्या बापाची रीत अशी, की बाभळीचा खांब रोवायचा, त्याला गोणपाट गुंडाळायचं आणि निंबोळीच्या तेलानं भिजवायचं. डुकरं खांबाला घासतात, भिंत वाचते, उवाही जातात. वना गोणपाट मागायला वखारीच्या मागच्या दारी गेला. दारात शेठजींची आई झमकूबाई बसली होती. म्हातारी पक्की जैन. बसण्याआधी जमीन हलक्या हातानं झाडणारी, न गाळलेल्या पाण्याचा घोट न घेणारी. तिनं फाटकी गोणपाटं काढून दिली आणि सहज विचारलं, तेल कशाला? अंगाला थंडावा म्हणून, एवढं सांगितलं असतं तरी निभावलं असतं.

"तेलघाई उवा मरतीन, अक्का," वना म्हणाला.

झमकूबाईनं गोणपाटं परत घेतली. तेलाशिवाय खांब करशील तर मुलाला मी आवरून धरते, म्हणाली. बेबाबाईनं त्या दिवशी कपाळ बडवून घेतलं.

वनानं कोरडाच खांब रोवला. साल आणि गाठी तशाच ठेवल्या, लहानमोठ्या सगळ्या डुकरांना घासता यावं म्हणून जरा कलताही ठेवला. डुकरांनी ढुंकून पाहिलं नाही. ती पुन्हा भिंतीकडे. वना दिवसभर काठी घेऊन भिंत राखत बसला, आणि बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं की डुकरं गटारात लोळून येतात, चिखल सुकायला लागला की घासतात, आणि गटाराला जवळ ती भिंतच. मग त्यानं खांबाच्या बुडाशी खड्डा खणून चिखल केला. लोंबकानी नावाची जुनी मादी होती, तिला चुचकारत आणून खांबाशी उभं केलं. तिनं एकदा अंग टेकलं, डोळे मिटले आणि अशी घासत राहिली की वनालाच हसू आलं. तिच्यामागून बाकीची आली. चिखलाच्या खपल्यांबरोबर उवा गळाल्या. त्या पुढे जगल्या की नाही, ते कुणी विचारलं नाही.

झमकूबाईनं आपल्या न्हाणीच्या पाण्याला चर काढून ते खड्ड्यात सोडलं. दुपारी ती दारात बसून खांबाकडे बघे. लोंबकानी आली की खुदकन हसे. डुकराला बघून हसणारी शेठाणी वनानं दुसरी पाहिली नव्हती. आपल्या जनावराचं कुणी कौतुक करतंय, हे त्याला फार गोड लागे.

फाल्गुनात चाळीसगावचा व्यापारी येऊन लोंबकानीला कापायला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी झमकूबाईनं दारातून विचारलं, "ती मोठ्या कानांची दिसत नाही?"

कुठं हिंडत असेल, हे शब्द वनाच्या ओठावर आले होते. म्हातारीचं मन फिरलं तर जागा जाणार, हे त्याला कळत होतं. बेबाबाई टोपली विणता विणता थांबून त्याच्याकडे बघत होती.

"ईकी टाकी, अक्का," तो म्हणाला. "मनं पोट त्यानावरच शे."

झमकूबाईनं खांबाकडे पाहिलं. घासून घासून त्याची साल गुळगुळीत झाली होती.

"उवांसाठी मी तुला अडवलं, वना," ती म्हणाली. "तिच्यासाठी नाही अडवलं."

तिनं दार लावून घेतलं. जागा गेली नाही, भिंतही शाबूत राहिली. पण दुपारचं ते दार पुन्हा उघडलं नाही, आणि वनाला त्याचं फार वाईट वाटलं. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. न्हाणीचं पाणी मात्र रोज सकाळी चरातून येत राहिलं.