फिरून येतो

माझा दादा जंगलातल्या वाटा झाडायचा. हसू नका, खरंच तेच काम होतं त्याचं. आमच्या इथे राखीव जंगल आहे, लोक तिकीट काढून चालायला येतात. पानगळीच्या शेवटी शेवटी तिथे वाट कुठली अन् घसरण कुठली काही कळत नाही, सगळं ओल्या पानांखाली. मग दादाने लांब दांड्याचा झाडू घेऊन जायचं, लाकडी पायऱ्या मोकळ्या करायच्या आणि वळून बघितलं की परत पानं.

त्या झाडांचा त्याला राग यायचा. म्हणायचा, "लाजच नाही यांना. माणूस झाडून मान वर करतो तोवर परत पसारा."

वहिनी म्हणायची, "मग सोडा की."

"सोडलं तर तुझ्या खोल्या जातील."

फाटकाजवळच्या दोन खोल्या कामाबरोबर मिळालेल्या. तिकिटाची खिडकी इतकी जवळ की वहिनीला ओट्यापाशी उभं राहून सुट्ट्या पैशावरनं चाललेली भांडणं ऐकू यायची.

सकाळी बूट घालताना दादाचं ठरलेलं वाक्य, "चल, फिरून येतो." नवीन लग्न झालं तेव्हा वहिनीच्या भावाने विचारलेलं, भावोजी काय करता. तर हा म्हणाला, मला जंगलात फिरायचा पगार मिळतो. तेव्हापासून आमच्या घरात कामावर जाणं म्हणजे फिरायला जाणं. ताप आला की वहिनी म्हणायची, आज फिरायला जाऊ नका. मीही फोनवर तेच विचारायचे, दादा फिरायला गेला का. बाकी हौसेने चालणं त्याला माहीतच नाही. सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी रडायचा, माझ्या पायांनाही सुट्टी आहे म्हणायचा.

तो गेला तो सुट्टीचाच दिवस. आदल्या संध्याकाळी जंगलाच्या ऑफिसातले साहेब दारात येऊन बोलून गेलेले, उद्या पाहुणे यायचेत आणि वरच्या वाटेच्या पायऱ्या दिसत नाहीत. वहिनी तिथेच भांडी पुसत उभी होती, तिने ऐकलं. सकाळी दादा झाडू घेऊन गेला. त्या पाहुण्यांनाच सापडला तो, ओढ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तळाशी. वरच्या पायऱ्या लख्ख झाडलेल्या, खालच्या तशाच पानांनी भरलेल्या.

ऑफिसातला कारकून पळत खोलीवर आला. म्हणाला, "तुमचे मिस्टर कुठे गेले होते?" वहिनीला काय झालंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती आपली रोजच्यासारखी म्हणाली, "फिरायला गेलेत."

झालं. तेवढंच धरून बसले. सुट्टीचा दिवस, बायकोच म्हणते फिरायला गेले, म्हणजे माणूस कामावर नव्हता. कामावर असताना गेला असता तर खोल्या वहिनीकडे राहणार होत्या.

मी साहेबांकडे गेले. म्हणलं, "पायऱ्यांचं तुम्हीच सांगितलं ना?"

"मी नुसतं बोललो, ताई. जा असं नाही म्हणालो."

"मग झाडू? फिरायला जाताना झाडू कोण नेतं?"

"आवड होती हो त्यांना. जंगलावर जीव होता."

मग मी त्यांना आमच्या घरातला विनोद समजावून सांगायला लागले. गेलेल्या माणसाचा विनोद टेबलापलीकडच्या माणसाला समजावून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. साहेब मान हलवत राहिले, थोडं हसले पण. म्हणाले, "मजेशीर माणूस होता." खोल्यांबद्दल एक अक्षर नाही.

ओढ्यापाशी त्याच्या नावाचा बाक बसवलाय. त्यावर कोरलंय, निसर्गप्रेमी. वहिनीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"प्रेमी," ती म्हणाली. "पानं बघितली की शिव्या घालायचे."

मी कामावर गेलेत म्हणाले असते तर, एवढं एक वाक्य तिच्या डोक्यातनं जात नाही. मी किती सांगितलं, तुझी काय चूक. ऐकत नाही.

खोल्या सोडल्या त्या दिवशी सामान टेंपोत चढलं. साहेब फाटकापर्यंत आले. म्हणाले, "वहिनी, कधीही फिरायला या. तुम्हाला तिकीट नाही."

वहिनी टेंपोत चढता चढता थांबली. म्हणाली, "आमच्यात फिरायचा पगार घेतात, साहेब."

या वेळी साहेब हसले नाहीत. मी त्यांना समजावूनच ठेवलं होतं.